नागपुरात धरमपेठेतली लायब्ररी : युद्धाच्या कादंबऱ्या वाचायच्या तर इथूनच न्या

साडेचार स्टार. अर्धा कापला तो पार्किंगसाठी आणि कूलरसाठी, कूलरचं पुढे सांगतो.

गल्लीत आत पहिल्या माळ्यावर आहे, बोर्ड इतका पुसट झालाय की खालीच विचारून वर जावं लागते. हजार रुपये डिपॉझिट, महिन्याचे दोनशे, एका वेळी दोन पुस्तकं. रहस्यकथा, दिवाळी अंक, बेस्टसेलर सगळं आहे पण ते काय सीताबर्डीच्या बाजारात पण मिळते, मी लिहून राहिलो ते मागच्या खोलीतल्या एका कपाटाबद्दल. त्यात फक्त दुसऱ्या महायुद्धाच्या कादंबऱ्या आहेत, त्यातही जास्त करून जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर तिथल्या ज्यू घरांचं काय झालं त्यावरच्या. लायब्ररी चालवणारे काका रिटायर्ड आहेत आणि हे कपाट म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

ह्या विषयाच्या पुस्तकांचं सध्या पेव फुटलंय हे तुम्हाला माहीतच असेल. सगळी कव्हरं सारखी, पाठमोरी बाई, हातात सुटकेस, मागे रेल्वेचे रूळ, आणि आत युद्ध फक्त लव्हस्टोरीला फोडणी द्यायला. काका तसलीही ठेवतात, मागणी आहे म्हणतात, पण देताना तोंडावर सांगतात की ने, पण अर्ध्या गप्पा हाणल्यात. कोणता दुकानदार सांगते असं?

आणि नुसतं बोलत नाहीत. पुस्तकाच्या शेवटी आतून जुन्या पद्धतीचं कागदी पाकीट चिकटवलेलं असते, त्यात तारखेचं कार्ड, आणि कार्डाच्या मागे काकांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने पान नंबर टाकून चुका लिहिलेल्या. मी आणलेल्या एकात डेन्मार्कचा राजा स्वतःच्या कोटावर पिवळा तारा (जर्मन ज्यूंना ओळखीसाठी सक्तीने लावायला लावायचे तो) लावून घोड्यावरून कोपनहेगनमध्ये फिरते असा सीन होता, अंगावर काटा आला माझ्या, आणि मागे कार्ड काढून पाहतो तर लिहिलंय, दंतकथा, डेन्मार्कमध्ये तारा कधी सक्तीचाच नव्हता. खल्लास. खाली अजून एक ओळ, की ऑक्टोबर १९४३ मध्ये लोकांनी मासेमारीच्या होड्यांतून सात हजारांवर ज्यूंना स्वीडनला पोचवलं, एवढी भारी खरी गोष्ट असताना हे काहून लिहिलं? दुसऱ्या एका पुस्तकात पॅरिसमध्ये १९४० सालीच लोक तारा लावून फिरतात, तिथे कार्डावर फक्त "जून १९४२" आणि पुढे दोन उद्गारचिन्हं, म्हणजे तारा तिथे तेव्हा आला.

आता जे खरंच वाचायला पाहिजे ते. ॲमस्टरडॅमची एक जाड कादंबरी आहे, ज्यू शिंप्याच्या घराची, काकांनी जबरदस्तीने हातात दिली. पहिली शंभर पानं काहीच होत नाही असं वाटते आणि खरी गंमत तिथेच आहे, कारण मे १९४० मध्ये जर्मन येतात आणि दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीसारखं उघडते. मग जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंच्या नोंदणीचा हुकूम निघते आणि बाप फॉर्म भरायला लाईनीत उभा राहते, जन्मात कधी सरकारी नियम मोडला नाही म्हणून. कोणी बंदूक रोखत नाही, काही नाही, समोरचा क्लार्क पण नीट बोलते. मग मे १९४२ मध्ये तारा, आणि तो पण फुकट नाही, पैसे देऊन वर कापडाचं रेशन कूपन कटवून घ्यायचा. त्यानंतर रात्री आठच्या आत घरात, सायकली जमा करा, आणि खरेदी फक्त दुपारी तीन ते पाच. ह्या तीन ते पाचवर लेखकाने एक अख्खं प्रकरण खर्च केलंय, आई तीनच्या ठोक्याला दुकानात पोचते तेव्हा भाजी संपलेली असते, उरलेत ते मऊ पडलेले कांदे, आणि वर्षानुवर्षं ओळखीचा असलेला भाजीवाला तिच्याकडे न पाहता वजन करते. एवढंच. मारझोड नाही, रडारड नाही, पण मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नेदरलँड्समधल्या साधारण १ लाख ४० हजार ज्यूंपैकी तीनचतुर्थांश वाचले नाहीत, आणि ते कसं झालं हे ह्या कांद्यांच्या प्रकरणात जेवढं समजते तेवढं छावणीच्या शंभर सीनमध्ये समजत नाही, म्हणजे मला तरी.

थेस्सालोनिकीवरची पण घ्या. ग्रीसमधलं बंदराचं शहर, तिथले ज्यू १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्यावर आलेले आणि चारशे वर्षांनंतरही घरात लादिनो म्हणजे जुन्या स्पॅनिशमधूनच बोलणारे. आपल्याकडे अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू घरात मराठी बोलतात, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावात शनिवार तेली म्हणायचे त्यांना, त्यामुळे ती आजी सुनेला लादिनोत टोमणे मारते ते वाचताना अजिबात परकं वाटलं नाही. १९४३ मध्ये काही महिन्यांत पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं गाडीत घालून नेली आणि त्यांचं जुनं कब्रस्तान त्याआधीच उखडलेलं, आज तिथे विद्यापीठ आहे. शेवट मात्र घाईत गुंडाळलाय.

आता तक्रारी. मराठी पुस्तकं ह्या कपाटात नावाला, नव्वद टक्के इंग्रजी, आणि चांगले अनुवाद आणा म्हटलं तर काका आधी तूच यादी आण म्हणून मोकळे होतात. होम डिलिव्हरी म्हणतात पण मला एकदा महायुद्धाऐवजी मधुमेहाच्या पाककृती आल्या होत्या, स्वतः जा बाप्पा. आणि तो कूलर. एप्रिल-मे मध्ये त्याचं तोंड बरोबर ह्याच कपाटाकडे असते, खालच्या दोन रांगांची पानं फुगून पापड झालेत, काकांना सांगितलं तर म्हणे, मग माणसांना मारू का गरमीत? गाडी लावायला जागा नाहीच, चौकात लावून चालत या.

गुरुवारी बंद, लेट फी दिवसाचे पाच रुपये, आणि ती माफ होत नाही, कितीही ओळख असो. रोमची एक कादंबरी आहे, सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी ज्यूंकडे ३६ तासांत ५० किलो सोनं मागितलं, लोकांनी अंगठ्या काढून दिल्या, सोनं भरलं, आणि तरी १६ ऑक्टोबरला घरात घुसून उचललंच, त्यावरची. ती सध्या माझ्याकडे आहे, अर्धीच झालीये, तेव्हा काकांच्या मागे लागू नका, रविवारी परत करतो.