आयएसओ 22000 : छोट्या वायनरीने घ्यावं का?

आयएसओ 22000 हे अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र. नाशिक-दिंडोरी भागातल्या छोट्या वायनरीसाठी त्याचं आमचं मूल्यमापन असं : घ्यावं, पण चिलर आणि प्रयोगशाळा नीट झाल्यावरच. एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना सक्तीचाच आहे, त्यात निवड नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे भौगोलिक मानांकन वाइन कुठली ते सांगतं. टाकीत काय चाललंय ते पाहत नाही. ते पाहतं आयएसओ 22000, आणि त्यासाठी पैशापेक्षा माणसांचा वेळ जास्त लागतो.

ऑडिट दोन टप्प्यांत होतं. आधी कागदपत्रं, मग प्रत्यक्ष कारखाना. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, मध्ये दरवर्षी देखरेख-ऑडिट. दुसरा टप्पा जानेवारी ते मार्चमध्ये, गाळप चालू असतानाच ठेवावा. पावसाळ्यात ऑडिटर आला तर त्याला धुतलेला प्रेस आणि रिकामी फरशी दिसते. कागद मिळतो, पण चूक सापडत नाही, आणि चूक सापडावी म्हणूनच तर आपण पैसे मोजतो.

खरा फायदा सल्फरच्या, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या (एसओटू), नोंदीत आहे. पीएच 3.4 असेल तर 0.8 पीपीएम मॉलिक्युलर एसओटू (जंतूंना रोखणारा भाग) राखायला फ्री एसओटू (वाइनमध्ये बांधला न गेलेला) साधारण 32 पीपीएम लागतो. पीएच 3.8 वर तोच आकडा 79 च्या आसपास जातो. उष्ण हंगामात शिराझ द्राक्षाचा पीएच चढतो, आणि ‘दरवर्षी इतकंच टाकतो’ म्हणत केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, एसओटू देणारी पूड) टाकणाऱ्याची वाइन उन्हाळ्यात बिघडते. केएमएसच्या वजनात एसओटू जेमतेम 57 टक्के, उघड्या पोत्यातल्या जुन्या मालात त्याहून कमी. पीएच मीटर रोज 4.01 आणि 7.00 च्या बफरने जुळवला नसेल तर पुढचं सगळं गणित चुकतं. कॅलिब्रेशनची वही ठेवायला हे प्रमाणपत्र भाग पाडतं, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू.

बाटलीभरणीतही तसंच. फिलरवर काच फुटली की लाइन थांबवायची, शेजारच्या हेडखालच्या बाटल्याही काढून टाकायच्या, धुवायचं, नोंदवायचं. 0.45 मायक्रॉनच्या मेम्ब्रेन फिल्टरची बबल पॉइंट चाचणी (फिल्टर फाटलेला नाही ना, हे हवेच्या दाबाने पाहणं) भरणीच्या आधी आणि नंतरही हवी. नंतरची बहुतेक वेळा राहून जाते. द्राक्षाच्या लॉटपासून बाटलीच्या बॅचपर्यंतचा माग काही तासांत काढता आला पाहिजे. दोन टाक्यांचं ब्लेंड झालं त्या दिवशीची नोंद नसेल तर माग तिथेच तुटतो.

यात न मिळणारी गोष्ट म्हणजे चव. व्हाइटचं आंबवण 12 ते 16 अंशांवर धरायला थंडावा लागतो, वीज गेल्यावर जनरेटर लागतो. हे नसलेल्या वायनरीने आधी प्रमाणपत्र घेतलं तर तापमानाच्या तक्त्यात खोटे आकडे भरले जातात, आणि हे आम्हाला सर्वांत घातक वाटतं. राज्य सरकारच्या वाइन प्रोत्साहन योजनेत 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत मिळण्याची तरतूद आहे. ती रक्कम आली की आधी चिलरला लावावी.

निर्यातीचा किंवा मोठ्या हॉटेलांना माल देण्याचा विचार असेल तर खर्च वसूल होण्याची शक्यता चांगली. सगळी विक्री वायनरीतल्याच टेस्टिंग रूममधून (पाहुणे वाइन चाखतात तिथून) असेल तर घाई नको. सल्लागाराने आणलेली तयार पुस्तिका मात्र घेऊ नये. त्यात दूध डेअरीचे धोके लिहिलेले असतात आणि आंबवणाच्या खोलीत साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा उल्लेखही नसतो. प्रमाणन संस्थेला एनएबीसीबीची (अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, हे करार करण्याआधी तपासावं.