मालदीवच्या डायव्हिंग सफारीचे पैसे भरताय? आधी बोटीला विचारा

पुढच्या सीझनची पोस्टरं व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरायला लागली आहेत. तोच ‘शेवटच्या चार जागा’चा गजर आणि खाली तोच मोबाइल नंबर. या वेळी तर फेब्रुवारीत मालदीवमधलं हनिफारू बे, आणि तिथे मांटांसोबत (मोठे, चपटे, पंखांसारखे कल्ले असलेले मासे) स्कूबा, असं छापलंय. हनिफारूला मांटा जमतात त्या आपल्याकडच्या पावसाळ्यात, आणि तिथे हवेची टाकी लावून उतरायला कित्येक वर्षं बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे नळी लावून वरवर पोहणं, चालतं. म्हणजे पोस्टर करणाऱ्याला एक तर माहिती नाही किंवा फिकीर नाही. मागच्या खेपेला आम्ही त्याच्याबरोबर गेलो होतो. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे म्हणून नाव घेत नाही, पण पद्धत सांगतो.

मालदीवला सफारी बोट घेतली की आठवडाभर मुक्काम बोटीवरच. रोज दोन-तीन डाइव्ह, टाक्या आणि त्या भरायचा कॉम्प्रेसर शेजारच्या वेगळ्या धोणीवर, म्हणजे छोट्या बोटीवर. ग्रुप न्यायचा असेल तर आयोजक अख्खी बोट किंवा दहा-बारा जागा उचलतो, आगाऊ रक्कम भरतो आणि उरलेली बोट सुटायच्या दोन-तीन महिने आधी चुकती करतो. ठराविक जागांमागे त्याला एक जागा फुकट मिळते. ती त्याच्या कष्टाची कमाई, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण बोटवाल्याचा व्यवहार फक्त त्या आयोजकाशी असतो. तुमचं नाव बोटीच्या कागदावर येतं ते प्रवाशांच्या यादीत, एवढंच. तुम्ही भरलेला पैसा पुढे बोटीपर्यंत गेला की मधेच मुरला, हे तुम्हाला कळायची सोयच नाही. सगळा खेळ या फटीत चालतो.

आमच्यातले निम्मे लोक त्याच्याबरोबर तारकर्लीला आणि नेत्राणीला डाइव्ह करून आलेले. पाण्यातला माणूस म्हणून तो चांगला आहे, हे आजही म्हणेन. सगळे त्याला दादा म्हणायचे. माणशी 1,62,000 रुपये, विमान वेगळं. त्यात नायट्रॉक्स (टाकीतली खास हवा, त्याबद्दल पुढे), तिथल्या सरकारचा पर्यटकांवरचा ग्रीन टॅक्स, सगळं धरलेलं. शिवाय परदेश सहलीवर तेव्हा लागायचा तो 5 टक्के टीसीएस, म्हणजे आयोजकाने आपल्याकडून घेऊन सरकारजमा करायचा आयकर, तोही आमच्याकडून घेतला, पॅन कार्डाच्या फोटोसकट. हप्ते त्याच्या सेव्हिंग खात्यात, यूपीआयने. ‘चालू खात्याचं काम चाललंय, तोवर इथेच टाका.’

निघायच्या थोडं आधी मेसेज आला की ठरलेल्या बोटीचं इंजिनाचं काम निघालंय, म्हणून तुम्हाला ‘अपग्रेड’ दिलाय. दुसऱ्या बोटीचे फोटो आले, छान होते. मग निघायच्या आदल्या रात्री समजलं की दादा स्वतः येत नाहीत, घरी आजारपण. तिकडे सगळं सेट आहे, काळजी करू नका.

हुलहुमालेच्या लगूनमध्ये जी बोट उभी होती ती ना पहिल्या फोटोतली, ना दुसऱ्या. तरी चढलो, केबिन वाटून घेतल्या. सकाळी चेक डाइव्हच्या, म्हणजे पहिल्या सरावाच्या डाइव्हच्या, तयारीत होतो तर बोटीच्या मॅनेजरने सगळ्यांना सलूनमध्ये बोलावलं. माणूस सभ्य, आवाज न चढवता हिंदीत म्हणाला, “भाईसाब, आधा पैसा आया है. बाकी आने तक इंजन चालू नहीं होगा.” फोनवर दादांना लावलं. आधी ‘ट्रान्सफर झालंय, बँकेला वेळ लागतोय’, मग स्विच ऑफ. दुपार झाली तरी बोट नांगरावर. समोर विमानतळावर विमानं उतरत होती, आणि आम्ही वेटसूट कमरेपर्यंत चढवून डेकवर बसलेलो.

मॅनेजरचा राग येत होता, पण त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं चुकलं काय? ठरलेले पैसे आले नाहीत की बोटवाला ते बुकिंग रद्द धरू शकतो. शेवटी माणशी 450 डॉलर कार्डावर आणि रोखीत जमवले तेव्हा नांगर उचलला. ग्रीन टॅक्सही पुन्हा मागितला. सफारी बोटींना तो जानेवारी 2025 पासून माणशी दिवसाला 12 डॉलर आहे आणि तो सरकारजमा होतो, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही तो इकडे आधीच भरला होता, हे बोटवाल्याला काय सांगणार!

एवढ्यावर थांबलं असतं तर पैशाचं प्रकरण म्हणून सोडून दिलं असतं. नायट्रॉक्सचं तसं नाही.

नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, बोटींवर साधारण 32 टक्क्यांची. नायट्रोजन कमी, त्यामुळे खाली जास्त वेळ राहता येतं. रिवाज असा की प्रत्येकाने आपली टाकी स्वतः अॅनालायझरने तपासायची, आलेला आकडा वहीत लिहून सही करायची आणि मग मनगटावरच्या कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा टाकायचा. इथे टाक्यांवर 32 च्या पट्ट्या आधीच चिकटवलेल्या. अॅनालायझर मागितला तर ‘खराब आहे, आम्ही तपासलंय’. आमच्यातले एक काका, रसायनाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वतःचा अॅनालायझर बाळगतात. त्यांनी तो आधी मोकळ्या हवेवर लावला, 20.9. मग टाकीचा व्हॉल्व्ह हलकेच उघडून वर धरला. आकडा 20.9. दुसरी टाकी, तिसरी टाकी, तेच. काकांनी पट्टी नखाने खरवडून काढली आणि कुणाकडे न बघता म्हणाले, “ही घरच्या पंख्याखालची हवा आहे.”

यात नुसता पैसा गेला असं नाही. डाइव्हच्या तक्त्यांत 18 मीटरवर साध्या हवेला 56 मिनिटं मिळतात, 32 टक्क्यांच्या नायट्रॉक्सला 95. कॉम्प्युटरला 32 सांगून साध्या हवेवर उतरलात, तर तो तुम्हाला न मिळणारी मिनिटं मोजून देत राहतो. रोज तीन डाइव्ह, शरीरात नायट्रोजन साठत जाणार. त्याने बेंड्स हा आजार झाला तर उपचाराचा हायपरबेरिक चेंबर बांदोसला, म्हणजे मालेजवळ, आणि आम्ही तेव्हा वाव्हू अॅटॉलमध्ये, म्हणजे दुसऱ्या बेटसमूहात, बोटीने काही तासांवर. गाइडला विचारलं तर ‘मेम्ब्रेन (नायट्रॉक्स बनवायचं यंत्र) सकाळीच बंद पडला’ म्हणाला. पट्ट्या मात्र संध्याकाळीही नव्या लागत होत्या. आम्ही सगळ्यांनी कॉम्प्युटर 21 वर आणले आणि उरलेले दिवस साध्या हवेवरच काढले.

दक्षिण आरी अॅटॉलला व्हेल शार्क बघायचा बेत डिझेलच्या नावाखाली रद्द झाला. अलिमथाच्या जेट्टीवरची रात्रीची डाइव्ह झाली आणि झकास झाली, नर्स शार्क अक्षरशः टाक्यांना घासून जात होते. मालदीवला नावं ठेवू नका.

घरी आल्यावर कागद तपासायला घेतले. त्याच्या पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर निघाला भलत्याच धंद्याचा. टीसीएस आमच्या पॅनवर भरला गेला असता तर तो आयकराच्या फॉर्म 26एएस मध्ये दिसलाच असता. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीचं विवरण मे महिन्यात जातं, म्हणून जूनपर्यंत थांबलो. एक रुपयाची नोंद नाही. सरकारच्या नावाने घेतलेला पैसाही खिशात! माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा हाच, कारण यात ‘बँकेला वेळ लागतोय’ची पळवाट नाही.

म्हणून पुढच्यांनी पहिला हप्ता दिल्यावर लगेच बोटीला मेल टाका. पत्ता आयोजकाने दिलेला नव्हे, बोटीच्या स्वतःच्या साइटवरचा. अमुक तारखेला अमुक नावाने बुकिंग आहे का, किती पैसे पोचले, बाकी कधी भरायची आहे, आणि नायट्रॉक्स व ग्रीन टॅक्स कशात धरलाय, एवढं विचारा. बोटीला पर्यटन मंत्रालयाचा परवाना आहे का, तेही पाहा. प्रामाणिक आयोजक असल्या मेलवर चिडत नाही. आमच्या एका मैत्रिणीने नंतर दुसऱ्याबरोबर जाताना असं विचारलं, तर त्याने स्वतःच बोटवाल्याला सीसीमध्ये घातलं. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने, धंद्याच्या खात्यात. जीएसटी नंबर भरण्याआधीच पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

फसलाच असाल तर ऑनलाइन पैसे गेल्याबरोबर सायबर हेल्पलाइन 1930, ग्राहक म्हणून ग्राहक हेल्पलाइन 1915. पोलिस चौकीत आम्हाला ‘सहल तर झाली ना, मग हा दिवाणी मामला’ असं ऐकवून परत पाठवलं. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आमच्यातल्या एकीने पहिला हप्ता हट्टाने कार्डाच्या लिंकवर भरला होता. तिला तेवढा चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत परतावा, मिळाला, बाकी सगळे आयोगात.

नोटीस त्याला पोचली. वकिलामार्फत उत्तर आलं आहे की सहल पूर्ण झाली, सेवा दिली, तक्रार खोडसाळ आहे. सोबत बोटीवर पोज देऊन काढलेले आमचेच फोटो जोडलेत. बोटीला पैसे दिल्याची पावती एकही नाही.