‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणाले आणि माझे १०,८०० रुपये गेले

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात तपासणीचे ५००, ‘मदरबोर्डवरची आयसी बदलली’ (म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरची चिप) म्हणून ६,२०० आणि ‘बॅटरीपण उतरली होती’ म्हणून ४,१००. एकूण १०,८००. आयसी बदलली नाही, बॅटरीही नाही. लॅपटॉप उघडलाच नव्हता. लिहितानाही लाज वाटते, कारण नातेवाइकांचे कॉम्प्युटर बिघडले की ते माझ्याकडेच येतात.

लक्षण साधं होतं. व्हिडिओ कॉल सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत लॅपटॉप फटकन बंद. विंडोज कोलमडल्यावर येते ती निळी स्क्रीन नाही, इशारा नाही. लगेच चालू केला तर पाच मिनिटांत पुन्हा बंद, अर्धा तास गार होऊ दिला की ठीक. नुसतं टायपिंग केलं तर दिवसभर काही नाही. जाणकार म्हणतील, ही तर सरळ सरळ उष्णता! हो, मान्य. पण महिनाअखेर होती, हिशेबाच्या सगळ्या फायली त्यातच होत्या आणि लॅपटॉपची पाठ मी कधी उघडली नव्हती. डेस्कटॉप उघडणं वेगळं.

दुकानात काउंटरवरच्या माणसाने चार्जर लावला, दोन मिनिटं कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, “मदरबोर्ड गेलाय साहेब, चिप लेव्हलचं काम आहे.” तेव्हा लॅपटॉप त्याच्यासमोर चालू होता. मी मान डोलावली.

दुकानात जाण्याआधी एवढं घरीच बघा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही) सिस्टिम लॉग उघडा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद म्हणजे मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच. तपशिलात बगचेक कोड (बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल तर बहुधा वीज तुटली किंवा उष्णतेमुळे मशीनने स्वतःला बंद केलं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळ्या स्क्रीनचा मामला. नोंद ८६ दिसली तर विंडोज स्वतःच सांगतंय की तापमान हद्दीबाहेर गेलं. फक्त बॅटरीवर असताना ३० टक्क्यांवरून एकदम बंद होत असेल तर बॅटरीवर संशय. चार्जरची पिन हलवली की बंद होत असेल तर जॅक. काम वाढलं की बंद, गार झाला की चालू, तर आधी पंखा आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर वाहून नेणारी पेस्ट. मदरबोर्डचा नंबर सगळ्यात शेवटी.

आता ज्या क्षणाचा राग अजून जात नाही तो सांगतो. लॅपटॉप परत घेताना मी तो उलटा करून बघितला. खाली मागच्या बाजूला रबराची लांब पट्टी आहे, तिच्याखाली दोन स्क्रू असतात. ती सोलल्याशिवाय पाठ निघत नाही. पट्टीच्या कडेला चार वर्षांचा मळ जसाच्या तसा बसलेला होता. मी तो बघितला, अंगठ्याने थोडा पुसलासुद्धा, आणि यूपीआयने पैसे दिले. बिल मागितलं तर ‘जीएसटीचे जास्त होतील’ म्हणाला. जुनी बॅटरी मागितली तर ‘स्क्रॅपला गेली’. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

तीन दिवस लॅपटॉप बंद पडला नाही, पण एक्सेल उघडायला जीव काढायचा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग एका आकड्यावर अडकलेला. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बघितलं तर ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ७० टक्के! कमी वेग, कमी उष्णता, म्हणून बंद पडत नव्हता. ही झाली ६,२०० रुपयांची आयसी. १०० टक्के केलं, कॉल लावला, अठराव्या मिनिटाला बंद.

मग बॅटरीचा अहवाल काढणारी ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport) ही कमांड चालवली. ‘नव्या’ बॅटरीचे चार्जिंग सायकल ४१२. मूळ क्षमता ४१,०४० मिलिवॅट-तास, आता उरलेली २७,९००, आणि आधीच्या महिन्यांचे आकडे त्याच उताराने खाली येत होते. नवी बॅटरी असती तर मध्येच उडी दिसली असती. काही लॅपटॉप सायकलचा आकडा दाखवत नाहीत, पण क्षमतेचा इतिहास असतोच.

शेवटी पट्टी हेअर ड्रायरने गरम करून सोलली (आधी फोटो काढला, तेवढी अक्कल शिल्लक होती). पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मगच बाकीचं. पंख्याच्या तोंडाशी, जाळीच्या आत, धुळीचा नमद्यासारखा थर होता. बोटाने अख्खा निघाला. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी नवी लावली, हीटसिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) स्क्रू त्यावर लिहिलेल्या क्रमाने थोडे थोडे आवळले. पेस्टला ३५० रुपये लागले. कॉलवर ९८ अंशांना जाणारं तापमान आता ७४ च्या वर जात नाही.

पोलीस चौकीत गेलो तर “ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.” बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, मग फसवणूक कसली? एका हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि अकरा दिवसांनी ‘समोरून प्रतिसाद नाही’ म्हणून तक्रार बंद केली. प्रतिसाद नाही म्हणूनच तर तक्रार केली होती ना! चौकीतल्या साहेबांनी वर विचारलं, “एवढं कळतं तर तिथे नेलात कशाला?” याला काय उत्तर देणार?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात (आधीचा ग्राहक मंच) तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. हे मला कोणीही सांगितलं नाही, स्वतः शोधलं. यूपीआयची नोंद, पट्टीचा फोटो आणि बॅटरी रिपोर्टची प्रिंट जोडून अर्ज केला आहे. दुकानदाराचा काल फोन आला होता. बॅटरीचे ५०० परत देतो म्हणाला.