क्रूगरमध्ये मुलांसह मुक्काम: उद्यानाच्या आत की नदीपलीकडे?

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण भागात मुलांसह राहायचे असल्यास दोन पर्याय समोर येतात: साबी नदीकाठचा लोअर साबी हा आतला कॅम्प किंवा क्रोकोडाइल नदीच्या पलीकडच्या तीरावरील, कुंपणाबाहेरचे लॉज.

आतल्या मुक्कामाचा खरा लाभ पहाटेचा आहे. नोव्हेंबर ते जानेवारीत कॅम्पचे फाटक 4:30 वाजता उघडते, तर उद्यानाची प्रवेशद्वारे 5:30 वाजता. ऊन चढल्यावर सिंह आणि बिबटे सावलीला जात असल्याने हा एक तास मोलाचा ठरतो. शिवाय कॅम्पपासून जवळच असलेल्या सनसेट डॅमवर पाणघोडे आणि मगरी गाडीतूनच दिसतात, त्यामुळे कंटाळलेल्या मुलाला घेऊन लगेच परतता येते. मात्र सहा वर्षांखालील मुलांना उद्यानाच्या मार्गदर्शित सफारीत घेत नाहीत, हे आरक्षणापूर्वीच लक्षात घ्यावे.

बाहेरच्या लॉजमध्ये दिवस सैल जातो. मार्लोथ पार्कसारख्या वस्तीत झेब्रे आणि कुडू (मोठी हरणे) घरांच्या अंगणापर्यंत येतात, आणि लहान मुलांना तेवढेही पुष्कळ असते. संध्याकाळी फाटक बंद होण्याआधी उद्यानाबाहेर पडण्याची घाई मात्र रोजची.

मलेरियाचा धोका दोन्हीकडे सारखाच असल्याने बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा. मुले सहा वर्षांहून मोठी असतील, तर मी निःसंशय आतला कॅम्प निवडेन. तान्ह्या बाळासह नदीपलीकडचे लॉजच अधिक सोयीचे.