चहा उत्तम, सिगारेट मिळणार नाही

नौपाड्यातील या लहानशा चहाच्या दुकानात मी दोन वर्षांपासून जवळजवळ रोज सकाळी जातो. आल्याचा कटिंग दाट आणि कडक असतो, साखर किंचित जास्त पडते, आणि खारी दुपारपर्यंत सादळते. तरीही येथे येण्याचे माझे मुख्य कारण असे की मालकांनी सिगारेट विकणे बंद केले आहे.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या तीन मुलांनी चहाबरोबर सिगारेट मागितली, तेव्हा मालक "आपण ठेवत नाही, चहा देऊ का?" एवढेच म्हणाले, उपदेश नाही, चारचौघांत पाणउतारा नाही. मी चौथीत असताना काका मलाच सिगारेट आणायला पानाच्या गादीवर पिटाळीत, तेथे खांबाला धुमसती सुतळी लोंबत असे, आणि पुढे दहावीत माझ्या तोंडाला वास आला तेव्हा याच काकांनी माझ्या थोबाडीत दिली. त्या माराने माझी सिगारेट सुटली नाही, बडीशेप खाण्याची सवय तेवढी लागली.

18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत ती विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे; परंतु मुलांच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो तो महाराष्ट्राने 2020 मध्ये सुट्या सिगारेटवर घातलेला निर्बंध, कारण खाऊच्या पैशांत पाकीट येत नाही, एक सिगारेट येते, आणि त्या एका सिगारेटवर पाकिटाच्या दर्शनी बाजूचा 85 टक्के भाग व्यापणारा भयंकर चित्रासहचा इशाराही नसतो आणि व्यसन सोडण्यासाठीचा 1800-11-2356 हा क्रमांकही नसतो. पलीकडच्या गल्लीत ती अजूनही मिळते, हे सांगायला नकोच.

विक्री थांबवल्यावर गल्ला बराच घसरला, असे मालक सांगतात. आता मात्र सकाळी फिरून परतणारी मंडळी, त्यांत बायकाही, बाकांवर निवांत बसलेली दिसतात. एक उणीव आहे. ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी असली तरी मागच्या बाकावर एक मुलगा ती ओढत होता आणि मालकांच्या ते लक्षातच आले नाही. मलाही तो आंब्याचा वास कोणाच्या तरी डब्यातून येतो आहे असे वाटले.

बाक दोनच आहेत, सुट्टे पैसे न्यावेत, आणि खारी खायची असेल तर आठच्या आत पोहोचावे.