नवख्यांसाठी जंगलातील वाट: सोपी, पण कोरड्या दिवसापुरती

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊनही वर्षभर ती डांबरी रस्त्यावरच फिरवणाऱ्या माझ्यासारख्या चालकाला जंगलातील ही वाट नक्कीच मानवेल, असे दोन फेऱ्यांनंतर मी म्हणेन. मात्र प्रवेशफलकावरील ‘सोपी’ हा शब्द कोरड्या दिवसापुरताच खरा मानावा.

सुरुवातीचा टप्पा सपाट असून तेथे हाय रेंज, म्हणजे नेहमीच्या वेगाचे गिअर, पुरते. टायरमधील हवा 32 वरून 24 पीएसआयवर (हवेच्या दाबाचे एकक) आणताच मुळांवरचे धक्के सौम्य झाले, कारण नरम टायर जमिनीला अधिक टेकतो. डांबरावर परतण्यापूर्वी ती पुन्हा भरावी लागते, म्हणून पंप सोबत हवाच.

या वाटेचे खरे मोल मधल्या लांब उतारात आहे. लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकद देणारे गिअर) पहिला गिअर टाकून क्लच व ब्रेक या दोन्हींवरून पाय काढला की इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ती माणसाच्या चालीने खाली उतरते. हे आधी वाचलेले असले तरी प्रत्यक्षात पाय काढायला धीर लागतो. पहिल्या फेरीत मला तो झाला नाही. ओल्या पाचोळ्यावर मी ब्रेक दाबला, चाके जाम झाली आणि गाडीची मागची बाजू हातभर सरकली. दुसऱ्या फेरीत तोच उतार इतका निवांत उतरलो की आधीच्या घाबरण्याचे हसू आले.

पुढे चाकोऱ्या खोल आहेत. त्यांत दोन्ही बाजूंची चाके घातली तर मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो, त्यामुळे एका बाजूची चाके उंचवट्यावर ठेवून जाणे बरे. स्टिअरिंगच्या आत अंगठे अडकवू नयेत. चाकाला दगडाचा झटका बसला की स्टिअरिंग हातात गर्रकन फिरते.

तक्रारी दोन. ओढ्याच्या उताराशी पाण्याची खोली दाखवणारी खूणपट्टी नाही, त्यामुळे मला काठी घेऊन आधी पायी उतरावे लागले. शिवाय, पार्ट-टाइम प्रणालीच्या (फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढची व मागची चाके एकमेकांशी जखडणाऱ्या) गाड्यांनी डांबर लागण्यापूर्वी टू-व्हील-ड्राइव्हवर यावे, अशी सूचना बाहेर पडताना कोठेही दिसत नाही. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते. मातीत चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना इंजिनची ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. माझ्या पुढच्या गाडीचा चालक वळणावर ‘स्टिअरिंग का जड झाले’ म्हणून थांबला होता, ते याचमुळे.