सीपीयूचा क्लस्टर की जीपीयूचा? वीजबिलाच्या बाजूने पाहिलं तर

फोंड्याच्या एखाद्या कॉलेजात क्लस्टर (एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांचा संच) घ्यायचं ठरलं, की कोटेशनं टेबलावर येतात आणि वाद सुरू होतो: सीपीयू, म्हणजे नेहमीचा प्रोसेसर, की जीपीयू, म्हणजे एकाच वेळी हजारो गणितं करणारी ग्राफिक्स कार्डं?

ग्रीन500 ही कमी विजेत जास्त काम करणाऱ्या महासंगणकांची यादी उघडली तर निकाल लागल्यासारखाच वाटतो. जपानचा फुगाकू निव्वळ सीपीयूवर चालतो. वॅटमागे साधारण 15 गिगाफ्लॉप्स (एक गिगाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एक अब्ज गणितं). अमेरिकेचा फ्रंटियर 2022 मध्ये जीपीयूच्या जोरावर 52 वर गेला, आणि तेही फुगाकूच्या 30 मेगावॅटऐवजी 21 मध्ये.

पण हे आकडे लिनपॅक या चाचणीचे, म्हणजे जीपीयूला मानवणाऱ्या कामाचे. मेमरीचा कस पाहणाऱ्या एचपीसीजी चाचणीत फुगाकू 16 पेटाफ्लॉप्स (एक पेटा म्हणजे दहा लाख गिगा) देतो, फ्रंटियर 14. ढोबळ हिशेब केला तर वॅटमागचा साडेतीन पटींचा फरक सव्वा पटीवर येतो! समुद्रप्रवाहांची, हवामानाची मॉडेलं याच जातीची. विभागात फोरट्रान भाषेतला जुना कोड चालत असेल आणि तो जीपीयूवर न्यायला माणूस नसेल, तर महागडी कार्डं नुसती बसून वीज खातील. तिथे जास्त मेमरी बँडविड्थचा, म्हणजे मेमरीतून डेटा वेगाने आणणारा, सीपीयूच बरा. डीप लर्निंग किंवा रेणूंचं सिम्युलेशन असेल तर मात्र जीपीयू; वादच नको.

‘थोडं थांबूया, पुढची पिढी येऊ दे’ हा सल्लाही मिळेल. 2007 च्या पहिल्या यादीत अव्वल यंत्र 0.36 गिगाफ्लॉप्सवर होतं, तेव्हा थांबण्यात अर्थ होता. जून 2022 मध्ये अव्वल आकडा 62.7 होता, दोन वर्षांनी जर्मनीच्या जेडीचा 72.7. वेग मंदावलाय. शिवाय नव्या चिप्सचा भर एआयच्या कमी अचूकतेच्या गणितावर आहे. आपल्याला लागणाऱ्या जास्त अचूक, 64-बिट गणिताला त्यातून फारसं काही मिळत नाही.

राहिलं कूलिंग. आपल्या दमट हवेत एसी आर्द्रता काढण्यातही वीज घालवतो. फ्रंटियर सुमारे 32 अंशांच्या कोमट पाण्यावर थंड होतो. असं पाणी गोव्यात वर्षातला बराच काळ पाणी गार करणाऱ्या चिलर यंत्राशिवाय, नुसत्या कूलिंग टॉवरवर मिळू शकतं. मात्र दोन-चार रॅकसाठी ही पाइपांची उस्तवार परवडणार नाही, तेव्हा एसीच घ्या. मोठी खोली बांधत असाल तर पाण्याच्या कूलिंगबद्दल आत्ताच विचारा.

विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: तुमचाच कोड दोन्ही यंत्रांवर चालवून पीडीयूवर (रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) मोजलेले किलोवॅट-तास, आणि यंत्र रिकामं असतानाचा खपसुद्धा.